पिठाच्या डब्यातलं पत्र

ह्यांनी पिठाच्या डब्यात हात घातला आनि मी हातातलं काम टाकून धावले. पोरीनं जीपची चावी त्यात टाकली हुती. दीड वर्साची हाय, तिला काय कळतंय, जे हातात येईल ते डब्यात. मी म्हनलं थांबा, मी काढते, थांबा, तुमचा हात भरंल, पन तवर कोपरापर्यंत हात आत गेल्ता. चावी आली न्हाई. कागद आला. पिठानं पांढरा झालेला, चार घड्या घातलेला.

“हे काय?”

मी पदरानं त्यांचा हात पुसाय गेले.

ह्यांनी घडी उकलली, फुंकर मारली. ह्यांना वाचता येतं, पन यष्टीच्या पाट्या वाचावं तसं, एक एक. ओठ हलवत वाचाय लागले. “बाजाराच्या... दिवशी... आठच्या गाडीला... मी स्टँडवर... थांबते. लेकीला... घेऊन ये. त्याला... सांगू... नकोस.”

मंग माझ्याकडं बघितलं. मारलं न्हाई. मारलं असतं तर बरं वाटलं असतं, कारन त्यांचा हात उठून गेला की दोन तासांनी राग बी उतरतो. ह्या बारीला हात उठलाच न्हाई.

“कोन हाय?”

“पुस्तकातलं हाय.”

“आँ?”

“बाईंच्या पुस्तकातलं. त्यात नुसती पत्रंच हायेत. कादंबरी हाय ती. बाई मला लिवून देत्यात, मी वाचते.”

“पुस्तकातलं पत्र पिठात कशाला लपवतीस? ‘थांबते’ असं बाईवानी लिवलं तरी मागं बाप्या हाय ते मला कळनार न्हाई व्हय?” ह्यांनी पोरगी उचलून काखंला मारली. “चल बाईकडं. पुस्तकात दाखवू दे. न्हाई दाखवलं तर पोरगी हितं ऱ्हाईल आनि तू एकटी तुझ्या बापाकडं. ऊस तोड जा.”

आता बाई कोन ते सांगते. दम घिऊन सांगते, न्हाईतर तुमाला काय कळायचं न्हाई.

बाई म्हंजी आमच्या घरमालकीन. प्राथमिक शाळंत शिकवायच्या, रिटायर झाल्या, लग्न केलं न्हाई. पाथर्डीत स्टँडच्या मागच्या अंगाला त्यांचं दोन खोल्यांचं घर, एका खोलीत त्या, एकीत आमी भाड्यानं. सगळी गल्ली त्यांना नुसतं बाई म्हनायची. उंच, वाळक्या, आनि हातात कायम काळी छत्री. अंगनातनं न्हानीत जायचं तरी छत्री. मी एकदा म्हनलं, बाई, ऊन तर कवाच गेलं. तर म्हनल्या, “छत्री उन्हासाठी नसते गं. माणसांसाठी असते.” मला भ्याच वाटलं.

कुनावर इस्वास न्हाई. पान्याच्या हंड्याला दोरा बांधून ठेवायच्या, गाठ हलली का ते सकाळी बघायच्या. जास्वंदीच्या कळ्या मोजायच्या. “काल अकरा होत्या,” म्हनायच्या, आनि माझ्या केसांकडं बघायच्या. मी बाई फूल कधी माळतच न्हाई, ह्यांना आवडत न्हाई.

सोताला पोस्टकार्ड पाठवायच्या. खरंच सांगते. एक कार्ड लिवायचं, छत्री घिऊन चालत जाऊन डब्यात टाकायचं, मंग दोन-तीन दिस ओट्यावर बसून वाट बघायची. पोस्टमन तरनाताठा, वैतागायचा. “बाई, तुमीच लिवता, तुमीच वाचता, मला उगी कशाला पळवता?”

“तुझी नोकरी टिकावी म्हणून. बैस. कादंबरी वाचतोस का?”

की पोस्टमन सायकल घिऊन पळाला. कारन ती एकच कादंबरी, एकच बोलनं. दारात कोन बी येऊ दे. गॅसवाला टाकी उतरवतोय तर त्याला, मीटर बघायला आलेल्या पोराला, कोथिंबीरवालीला. “एक पुस्तक आहे. आयुष्यात एकच वाचायचं असेल तर हे वाच.” गॅसवाला म्हनला, “बाई, लई टाक्या टाकायच्यात अजून.” तर म्हनल्या, “टाक्या संपतील रे. हे संपत नाही.” आनि मजा अशी, की कुनी द्या म्हनलं तर द्यायच्या न्हाईत. खाकी कव्हर घातलेलं पुस्तक पोटाशी धरून, “हातात देणार नाही. माझ्या ओट्यावर बसून वाचायचं.” कोन बसतंय?

मी बसले असते. पन माझ्या दाराला कडी हुती.

ह्यांची काळीपिवळी जीप हाय, पाथर्डी ते नगर शिटा भरत्यात. पोरगी झाल्यापासनं ह्यांच्या डोक्यात काय शिरलं देव जाने, सकाळी निघताना बाहेरनं कडी घालायचे. “पोरगी रस्त्यावर जाईल,” म्हनायचे. तवा पोरगी रांगत बी न्हवती. मोबाईल एकच, तो त्यांच्याजवळ. फक्त बाजाराच्या दिवशी कडी नसायची, कारन भाजी कोन आननार?

बाईंनी पयल्या महिन्यातच ते बघितलं. दाराबाहेर छत्रीचं टोक वाजलं. “आत आहेस का?”

“हाय.” आता कुठं जानार?

“वाचता येतं?”

“सहावी झालीया. पन आमी दिवाळीनंतर कोयत्याला, ऊसतोडीला जायचो, तवा शाळा अर्धीच.” मला वाचायची आवड हुती, कारखान्यावर कोपीत, पाचटाच्या झोपडीत, रद्दीचा कागद बी सोडायची न्हाई, पन बारीक अक्षर लवकर लागत न्हाई.

तर बाई काय कराव्या? पुस्तक दाराखालच्या फटीतनं ढकलाय लागल्या. जाईना. आडवं केलं, जाईना. मंग खिडकीला गेल्या, खिडकीला जाळी. मला हसू बी यायला लागलं आनि भीती बी वाटली. शेवटाला म्हनल्या, “बरं. उद्या बघू.”

दुसऱ्या दिशी फटीतनं कागद आला. वहीचं पान, पाटीवर लिवावं तसं मोठं, गोल अक्षर. ‘प्रिय पोरी,’ असं सुरू. मी आधी शिवलेच न्हाई त्याला. शेजारच्या काकू म्हनायच्या की बाईंनी मागच्या भाडेकरनीला काय तरी दिलं आनि ती भाडेकरीन लेकरासकट गेली, आजवर पत्ता न्हाई. काकू म्हनायच्या, “नवरा येडा झाला की गं तिचा. कोन म्हनतं हिनंच पोचवली. कोन म्हनतं इकली. तू तिच्या नादी लागू नगं.”

पन दुपार लई मोठी असती. वाचलं.

त्यात एक मावशी हाय, घाटाखालच्या गावात नर्स. तिची भाची लांब दिलेली. मावशी तिला पत्रं लिवती, बस. भाचीचं उत्तर पुस्तकात न्हाईच. पयल्या पत्रात काय तर मावशीची कोंबडी दवाखान्याच्या कपाटात अंडं घालती आनि डॉक्टर ओरडतो. दुसऱ्यात शिलाई मशीनचा पट्टा तुटला. काय घडत न्हाई बगा. पन मी पोरीला मांडीवर घिऊन ते तीन-तीन येळा वाचायची. आनि परत्येक पत्राच्या शेवटाला एकच, ‘जेवलीस का? खरं लिही.’

संध्याकाळी ह्यांच्या आधी बाई यायच्या. कागद परत द्यायचा, हा नेम. तो दिला की इचारायच्या, “भाची काय म्हणाली असेल?”

“मला काय म्हाईत?”

“मग कोणाला माहीत? सांग.”

मी दाराला पाठ लावून सांगायची. भाची म्हनली असंल, कोंबडी इकू नकोस. भाची म्हनली असंल, माझ्याकडं मशीन न्हाई पन सुई हाय. एक दिवस म्हनलं, भाची म्हनली, जेवले.

“खरं?”

म्हनलं, भाकरी हुती. कालवन न्हवतं.

दुसऱ्या दिशी खिडकीच्या जाळीतनं गुळाची पोळी आली, विडीसारखी गुंडाळून. पोरीनं अर्धी मटकावली. आनि तरी मी मनात म्हनलं, ही मला का चारतीया? कुनी फुकट कुनाला पोळी देतं का? कोंबडीला बी आधी दानं टाकत्यात.

एकदा मी म्हनलं, “बाई, एवडं करता तर कडी काढा की. लेकराला ओट्यावर खेळवते वाईच.”

“कडी काढायला काही लागत नाही. ती परत लावताना तुझं काय होईल, ते ठरवल्याशिवाय मी हात लावत नाही.” ठरवल्याशिवाय, म्हनल्या. काय ठरवत हुत्या?

मंग एका बुधवारी ह्यांनी मला गालावर मारलं हुतं. भिंत काय जाड न्हाई. दुसऱ्या दिशी ते पत्र आलं. बाकीच्यांसारखंच, ‘प्रिय पोरी’. मला वाटलं, मावशीला बी कळलं वाटतं भाचीचं. त्यात लिवलेलं:

‘फार विचार करत बसू नकोस. बाजाराच्या दिवशी आठच्या गाडीला मी स्टँडवर थांबते. लेकीला घेऊन ये. अंगावरच्या कपड्यांनिशी ये. त्याला सांगू नकोस. राहायची सोय केली आहे. नाही आलीस तरी रागावणार नाही, पण गाडी सुटेपर्यंत मी तिथंच असेन.’

संध्याकाळी मी ते फटीत सरकवलं. बाईंनी छत्रीच्या टोकानं परत आत ढकललं.

“हे परत नको,” म्हनल्या, आनि गेल्या. भाची काय म्हनली, ते इचारलं न्हाई.

मी ते पिठात लपवलं. का लपवलं? पुस्तकातलंच हाय तर लपवायचं कशाला? तेच तर ह्यांनी इचारलं.

तर आमी बाईंच्या दारात. ह्यांच्या काखंला पोरगी, हातात कागद. बाई तांदूळ निवडत हुत्या.

“बाई, हे तुमचं अक्षर?”

बाईंनी चष्मा लावला. कागदाकडं बघितलं, पिठाकडं बघितलं, मंग माझ्याकडं. “माझंच.”

“ही म्हनती पुस्तकातलं हाय.”

“मग?”

“मंग दाखवा पुस्तकात.”

बाई उठल्या. कपाटातनं पुस्तक आनलं, खाकी कव्हरवालं. मी पयल्यांदा ते जवळनं बघितलं. पानं उलटली, उलटली, एका ठिकानी थांबल्या, आनि पुस्तक ह्यांच्या हातात न देता माझ्या हातात दिलं. बोट ठेवलं.

“हं. वाच. मोठ्यानं.”

मी डोळं ताणून बघितलं. ‘प्रिय पोरी, यंदा लिंबं स्वस्त झाली म्हणून लोणचं घातलं.’

लोनचं. स्टँड न्हाई, गाडी न्हाई, काय न्हाई. तवा मला कळलं की ते पत्र मावशीचं न्हवतंच, आनि ज्या पोरीला बोलावलं हुतं ती मीच. ह्यांनी कागदावर बोट ठेवलं हुतं, वाट बघत हुते. माझी पोरगी त्यांच्या काखंत हुती.

मी वाचलं. लोनच्यावर डोळं ठिऊन वाचलं. “प्रिय पोरी, फार विचार करत बसू नकोस. बाजाराच्या दिवशी आठच्या गाडीला...” पाठच हुतं मला. हे बोट सरकवत हुते. मी घाईनं वाचाय लागले तशी बाईंनी टेबलावर पट्टी आपटावी तसं बोट आपटलं.

“पूर्णविराम आहे तिथं. थांबायचं.”

मी थांबले. परत सुरू केलं. “गाडी सुटेपर्यंत मी तिथंच असेन.” आनि कसं तोंडातनं निघालं काय सांगू, सवयच लागली हुती, “जेवलीस का? खरं लिही.”

ह्यांचं बोट कागदाच्या खाली गेलं. “हे शेवटचं हितं न्हाई.”

मी पोरीचा फराक मुठीत धरला.

“राहिलं असेल माझ्याकडून,” बाई म्हनल्या. “उतरवताना होतं तसं. आण, लिहून देते.” आनि खरंच, पेन घिऊन ह्यांच्या हातातल्या कागदावर लिवून दिलं.

ह्यांनी पुस्तकात डोकावलं, डोळं बारीक केलं. “लई बारीक छापलंय राव.” मंग एकदम हसले. मोठ्यानं. “बाई, तुमी पन काय! म्हातारपनी गोष्टी लिवून वाटता व्हय?” पोरगी माझ्याकडं दिली. तिचा फराक माझ्या मुठीत इतका घट हुता की शिवन उसवली.

निघता निघता हे दारात थांबले. “मंग? ती भाची गेली का स्टँडवर?”

बाईंनी पुस्तक मिटलं. “पुढचं पत्र अजून आलेलं नाही.”

दोन दिसांनी बाजार हुता.

त्या दिशी सकाळी बाई कुलूप लावून छत्री घिऊन निघाल्या, माझ्या दाराकडं बघितलं बी न्हाई. हे जीप धूत हुते. मीच पिशवी घेतली, पोरगी घेतली, म्हनलं जाते बाजाराला. हे म्हनले, “मेथी आन.” मी गेले स्टँडवर. गेले, खोटं कशाला सांगू. रसवंतीच्या मागं उभी ऱ्हायले. बाई पानपोईजवळ छत्री उघडून उभ्या. आनि त्यांच्यासंगं एक बाई, मी कधी न बघितलेली, चांगल्या साडीतली, हातात पर्स. ती येनाऱ्या-जानाऱ्या लेकरवाल्या बाईकडं निरखून बघत हुती. तोंडाकडं न्हाई. लेकराकडं.

मला काकूंचं आठवलं. कोन म्हनतं इकली.

कंडक्टरनं घंटी मारली. मी हलले न्हाई. पोरगी उसाच्या चिपाडाशी खेळत हुती. ती पर्सवाली गाडीत चढली, गाडी गेली, आनि बाई तिथंच. लिवलेलं तसं, गाडी सुटेपर्यंत. मंग छत्री मिटली. मी पयल्यांदाच त्यांना छत्री मिटून उन्हात चालताना बघितलं.

संध्याकाळी फटीतनं पत्र आलं. लोनच्याचं. खरंखुरं, पुस्तकातलं. त्याबद्दल बाई कधी बोलल्या न्हाईत, मी बी न्हाई.

काकूंनी ह्यांचे कान भरले आनि दोन-तीन महिन्यांत आमी खोली बदलली. आता पाथर्डीतच, शेवगाव रोडला ऱ्हातो. सामान जीपमंदी भरताना बाईंनी माझ्या बोचक्यात काय तरी कोंबलं, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं. नव्या खोलीत उघडलं तर ते पुस्तक. जे कुनाला हातात दिलं न्हाई, ते. मी रडले आनि लगेच भ्याले. हे मला दिलं का माझ्या गळ्यात बांधलं? त्यात ते पत्र न्हाई, हे बाईंना म्हाईत हाय की!

लपवायच्या आधीच ह्यांनी बघितलं. “अरे, हे तर तेच!” पोरासारखे खूश. नगरातनं चष्मा आनला, आनि तवापासनं रोज वाचत्यात. जीपमंदी देवाच्या फोटोपाशी ठेवलंय, शिटा भरंस्तवर दोन-दोन पानं, ओठ हलवत. घरी येऊन मला सांगत्यात, कोंबडीनं आज काय केलं. हसत्यात. खोटं न्हाई सांगत, ते हसले की मला बी बरं वाटतं. आनि सकाळी निघताना कडी घालत्यात.

“ते स्टँडवालं अजून आलं न्हाई,” काल जेवताना म्हनले.

“पुढं हाय,” मी म्हनलं.

मशीनचा पट्टा झाला, लोनचं झालं. निम्म्याच्या पुढं गेल्यात.

आनि एक राह्यलं. ह्यांनी पुस्तक जीपमंदी न्यायच्या आधी मी त्याचं फाटलेलं खाकी कव्हर बदलत हुते, तर आतनं पोस्टकार्ड पडलं. बाईंच्या नावाचं. वेडंवाकडं अक्षर, माझ्यासारख्या अर्ध्या शाळंतल्या बाईनं लिवावं तसं. ‘बाई, जेवले. खरं लिहिते. लेक शाळेत जाते.’ नाव न्हाई. शिक्का पुसलेला, गाव लागत न्हाई.

मी ते उजेडात धरून किती येळा बघितलं. मागची भाडेकरीन असंल ही. इकली न्हाई, जेवती हाय, लेक शाळंत जाती. मंग ती पर्सवाली बी तीच असंल, मला न्यायला आलेली. पन बाई तर सोतालाच कार्डं पाठवायच्या की. डाव्या हातानं लिवलं तर कुनाचं बी अक्षर असंच येतं, मी लिवून बघितलं.

ते कार्ड आता पिठाच्या डब्यात न्हाई. कुठं हाय ते तुमाला बी सांगनार न्हाई.

परवा बाजार हाय. कडी नसंल. आठची गाडी अजून सुटती, आनि काकूंची सून भेटली हुती, ती म्हनली बाई आजूनबी दर बाजाराला छत्री घिऊन स्टँडवर उभ्या असत्यात, कुनाची वाट बघत्यात कुनाला ठाव. ह्यांची पानं रोज दोन-दोन कमी होत्यात. मी त्या दिशी रसवंतीच्या मागं पोरीला घिऊन उभी हुते, समोर एक येडी म्हातारी आनि एक अनोळखी बाई, आनि मागं घर. तुमी असता तर काय केलं असतं? खरं सांगा.